बाबा तमादा झाले त्या रविवारी

आईच्या वाढदिवसाला बद्रीकाकांच्या हॉटेलात जेवायचं ठरलं, तेव्हाच माझा बेत पक्का झाला. इथल्या, इटलीतल्या बारी शहराच्या नौकाशाळेने मला निवडलं होतं आणि सोमवारपर्यंत फॉर्मवर बाबांची सही हवी होती. आई सही करून मोकळी झाली होती. बाबा मात्र तीन आठवडे एकच म्हणत होते, "पोरीची जात, जहाजावर काय करणार?" मी विषय काढला की ते उठून गॅलरीत जायचे.

आम्हा जॉर्जियन लोकांत भरल्या टेबलावरून असं उठता येत नाही. पेला उचलून कोणी बोलायला लागलं, की बाकीच्यांनी ऐकायचंच. कोणाच्या नावाने प्यायचं, कोणाला बोलू द्यायचं, हे तमादा ठरवतो, आणि आमचे तमादा कायम बद्रीकाका. म्हणून शुक्रवारी मी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे गेले.

"मुलांच्या नावाचा पेला आला की मला बोलू द्याल?"

"देईन की," काका पीठ मळता मळता म्हणाले. "पण तुझ्या बापाने मला बंदरात ढकललं, तर बाहेर तूच काढायचंस."

रविवारी दुपारी बारा जण बसलो. चीज भरलेली गरम खाचापुरी टेबलावर आली आणि बाबा उभे राहिले.

"बद्री, आज तू आरामात जेव. बायको माझी, वाढदिवस तिचा, तमादा मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई वांग्याच्या ताटलीकडे बघत होती, म्हणजे फितूर कोण ते कळलं; काकांखेरीज माझा बेत फक्त तिलाच माहीत होता.

बाबांनी शांततेच्या नावाने पेला घेतला, मग देशाच्या, मग गेलेल्या माणसांच्या, मग आईच्या. ताटल्यांवर ताटल्या चढल्या. मुलांच्या नावाचा पेला आला तेव्हा त्यांनी त्सिआलामावशीला बोलायला सांगितलं. मावशी तिच्या लेकाच्या दातांवर दहा मिनिटं बोलली. ती बसते न बसते तोच बाबांनी शेजाऱ्यांच्या नावाने पेला भरायला घेतला.

मग मीच उठले. हातात नासपतीचं सरबत होतं.

"तमादा, मला दोन शब्द बोलायची परवानगी हवी."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. अशी परवानगी नाकारणं म्हणजे चारचौघांत स्वतःची शोभा करून घेणं.

"रीतसर विचारतेय पोरगी, झाऊर," बद्रीकाका बाबांना म्हणाले.

"बोल. थोडक्यात."

"हा पेला आईच्या नावाने. ती एकटी इटलीला निघाली तेव्हा गावात सगळे म्हणाले, बाईमाणूस परदेशात काय करणार? तिने तीन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून पैसे साठवले आणि आपल्या सगळ्यांना इथे आणलं. आणि हा पेला माझ्याही नावाने, कारण मी नौकाशाळेत जाणार आहे."

सगळे प्यायले. बाबांचा पेला तसाच हातात.

"सरबताचा पेला खरा धरत नाहीत," ते म्हणाले.

"सरबत तिच्या हातात आहे, तुझ्या नाही," बद्रीकाका म्हणाले. "तमादाने प्रत्येक पेला तळापर्यंत संपवायचा असतो. हौसेने झालास ना तमादा? पी आता."

"माझ्या नावाचा आहे हो," आई म्हणाली. "खाली ठेवणार आहात का?"

बाबांनी वाईनचा पेला ओठांना लावला. मग प्यायले. सावकाश, पण सगळी.

"तुला पोहता येतं का नीट?" त्यांनी मला विचारलं.

"येतं."

"मला येत नाही," ते म्हणाले. बारा वर्षं ते बंदरावर क्रेन चालवताहेत आणि हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. "तू रोज त्या पाण्यावर असणार. मी खाली बघितलं तरी मला भोवळ येते."

त्सिआलामावशीने त्यांच्या ताटलीत मोदकासारख्या दोन गरम खिंकाल्या वाढल्या. त्यांनी एक देठाला धरून उचलली, आतला रस्सा आधी ओढून घेतला, मग म्हणाले, "फॉर्म कुठाय?"

"गाडीत."

"जेवण झाल्यावर आण. तमादाला मधेच उठता येत नाही."

सही गाडीच्या बॉनेटवर झाली. जरा तिरकी आली, पण शाळेने चालवून घेतली.