घेणार: हेमलता

मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा हे आपलं म्हणायचं. दिल्लीतल्या एका मराठी संस्थेच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, कूलरशेजारी लटकतो. मित्रांनो, वर्गातला तो मी नव्हे. मुलांनी मला कधी पाहिलेलं नाही.

माझा जन्म करोल बागेतला. शिपाई दामूकाकांनी मला ऑटोत आडवं धरून आणलं. "बिल्कुल चकाचक आहे, यार!" असं पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं. माझं कौतुक तिथेच संपलं. बालपणही.

मग काम. एखादे शिक्षक आले नाहीत की त्यांचा तास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. याला इथे अरेंजमेंट म्हणतात. कोऑर्डिनेटर गिरिजा मॅडम रोज सकाळी ती माझ्यावर लिहितात.

तिसरा तास, सातवी ब. घेणार: हेमलता.
पाचवा तास, सहावी अ. घेणार: हेमलता.
सातवा तास

पुसलं. दोन वाजले की दामूकाका पुसतातच. माझी अकरा वर्षं अशीच गेली. सकाळी भरायचं, दुपारी कोरं व्हायचं. जीवनकथा सलग सांगा म्हणता, पण कुठून आणू?

हेमलता मॅडम भूगोल शिकवतात. कंत्राटावर. दरवर्षी मार्चमध्ये त्यांचा करार संपतो आणि पुढे ठेवायचं की नाही, ते प्रिन्सिपल ठरवतात. यंदा भूगोलाचं एक पद कमी होणार, अशी कुजबुज होती.

जानेवारीत प्रिन्सिपलनी एक नवं काढलं. प्रत्येकाने आपल्या एका सहकाऱ्याचे आभार माझ्यावर लिहायचे. "टीममध्ये कोण किती उपयोगी आहे, ते मला यावरून कळेल," ते म्हणाले. मला वाटलं, चला, निदान एकदा खरं लिहिलं जाईल.

चौदा जणांनी लिहिलं. नऊ जणांनी गिरिजा मॅडमचे आभार मानले, कारण त्या समोरच बसल्या होत्या आणि अरेंजमेंट त्यांच्या हातात. चौघांनी प्रिन्सिपलचे मानले. एकाच ओळीत दामूकाकांचं नाव होतं. ती ओळ हेमलता मॅडमची.

हेमलता हे नाव? शून्य वेळा.

प्रिन्सिपलनी माझा फोटो काढून नेला. मला ओरडावंसं वाटलं. फळ्याला ओरडता येत नाही. मित्रांनो, ही फार वाईट गोष्ट आहे.

पुढच्या आठवड्यात दाट धुकं पडलं. एका सकाळी पाच शिक्षक आले नाहीत. गिरिजा मॅडमनी मार्कर उघडला.

"पहिला तास, सहावी अ. हेमलताला देऊ."

"मॅम, हेमलताच नाहीये आज," पीटीचे यतीन सर म्हणाले. "गुरुग्रामच्या एका शाळेत इंटरव्ह्यू आहे तिचा."

"अच्छा. मग तिच्या तासांना कोण?"

"हेमलता," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मग हळूहळू थांबला. कुणालाच दुसरं नाव सुचत नव्हतं.

त्या दिवशी सातवी ब दोन तास मैदानात हुंदडत होती.

दुसऱ्या दिवशी गिरिजा मॅडमनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: थँक्यू हेमलता, तुझ्याशिवाय आमचं पान हलत नाही! बाजूला एक फूलही काढलं. हेमलता मॅडम आल्या, खांद्यावरची बॅग न काढताच त्यांनी ते वाचलं.

"छान आहे, ताई. पण हे दुपारी पुसलं जाईल. त्यापेक्षा वर जाऊन हेच प्रिन्सिपलना सांगाल? गुरुग्रामवाल्यांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय मला."

पटापट कॉप्या, म्हणजे मुलांच्या वह्या, उघडल्या गेल्या. तपासायचं काम एकदम वाढलं.

"अगं, आम्ही सांगून काय होणार?" गिरिजा मॅडम म्हणाल्या. "त्यांना वाटेल, गट करून आलोय."

यतीन सर उठले. "आईच्या ऑपरेशनला मी बारा दिवस नव्हतो. माझे तास कोणी घेतले, हे मी आजपर्यंत विचारलंसुद्धा नाही. मी जातो."

"थांब रे. एकटा काय बोलणार तू? क्रिकेटवर घसरशील." गिरिजा मॅडमनी पदर खोचला.

चौदातले दोन निघाले. मीही गेलो असतो. चार स्क्रूंनी मला भिंतीला जखडलंय.

वीस मिनिटांनी ते परतले. "एक वर्ष!" दारातूनच गिरिजा मॅडम म्हणाल्या. "लेखी घेतलंय." टाळ्या झाल्या. कॉप्यांमध्ये तोंड खुपसलेल्यांनी तर सगळ्यात जोरात वाजवल्या.

आणि टाळ्या संपायच्या आत मार्करचं टोपण निघालं.

"चलो, पाचवा तास, आठवी अ. हेमलता, आज जरा घेशील ना?"

हेमलता मॅडम नुकत्याच खुर्चीत बसल्या होत्या.

"नाही, ताई. आज माझ्या स्वतःच्या कॉप्या राहिल्यात."

असं उत्तर या खोलीत मी पहिल्यांदा ऐकलं. 'घेणार'पुढे मार्करचं टोक टेकून राहिलं, तिथे काळा ठिपका मोठा होत गेला. गिरिजा मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी खाली पाहिलं.

घेणार: गिरिजा.

अकरा वर्षांत हे नाव त्या जागी कधी आलं नव्हतं. अक्षर जरा वाकडं आलं.

मित्रांनो, उद्या तुमच्या वर्गावर दुसऱ्याच मॅडम आल्या, तर "फ्री पिरियड!" म्हणून ओरडण्याआधी त्यांचं नाव विचारा. आपला मोकळा तास सोडून त्या आलेल्या असतात. ते नाव तुम्ही लक्षात ठेवा. हे काम फळ्याकडून होत नाही.