मेतोदीनं कापलेले फोटो

पळत जाऊन घरातून आणलेल्या भाजीच्या सुरीनं दोन्का बस थांब्याच्या काचेवरचा कागद खरवडत होती. कागद अंत्यविधीच्या दुकानातल्या पोऱ्यानं सकाळीच चिकटवलेला, गोंद अजून ओलसर. वरची काळी कड निघाली, 'एक वर्ष झालं' हे शब्द निघाले, नवऱ्याचं, मेतोदीचं, नाव निघालं. फोटोपाशी आल्यावर मात्र तिचा हात अडला.

फोटोत एकटा मेतोदी असायला हवा होता. तिथे तिघं होते. मासेमारीची टोपी घातलेला मेतोदी. त्याला खेटून बसलेला, दाढीत पांढरे केस आलेला कालोयान, म्हणजे दोन्काचा मुलगा, ज्याचं तोंड तिनं दहा-अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मेतोदीच्या मांडीवर पुढचे दात पडलेली एक मुलगी. तिला तर दोन्कानं कधीच पाहिलं नव्हतं.

पाठीमागे गिन्का येऊन उभी राहिली होती. गिन्का तिची शेजारीण. रोज सकाळी पाव आणायला निघाली की वाटेतले सगळे मृत्यूचे कागद वाचल्याशिवाय तिला तो पाव गोड लागत नसे.

"दोन्का, कालोयानपण गेला? आणि ते लेकरू? गाडी ठोकली का गं कुठे?"

"कुणी गेलं नाही," दोन्का म्हणाली.

"मग कागद कशाचा लावलास बाई?"

दोन्का पुन्हा खरवडू लागली. गिन्कानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती पावाच्या दुकानाकडे न जाता आल्या वाटेनं लगबगीनं परतली. आता तासाभरात गावात हे कुणाला कळायचं राहणार नव्हतं.

या गावात माणूस एकदा मरून भागत नाही. गेला त्या दिवशी त्याचा कागद लागतो, चाळिसाव्या दिवशी लागतो, सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा लागतो. घराच्या फाटकावर, पावाच्या दुकानाशेजारी, चर्चच्या फळीवर, थांब्यावर. ख्रिस्ती घरातला असेल तर काळ्या कडेचा, तुर्की घरातला असेल तर हिरव्या. लोक येता-जाता वाचतात, दोन शब्द बरे बोलतात आणि कामाला लागतात. पण त्या कडेच्या आत जिवंत माणसाचं तोंड आलेलं कुणी ऐकलं नव्हतं, आणि लहान मुलाचं तर नकोच ते बोलणं.

दोन्का सुरी घेऊन धावली ती मात्र एवढ्यानं नव्हे. जे आज काचेवर चिकटलं होतं, ते तिनं एकदा स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. कालोयाननं डॅन्यूब नदीकाठच्या रूसे शहरातली एलिफ, तुर्की घरातली मुलगी, केली तेव्हा भर अंगणात, शेजारपाजार कान लावून बसलेला असताना, ती म्हणाली होती, "आजपासून माझ्या लेखी तू मेलास." कालोयान रूसेला निघून गेला. त्याचं नाव घरात काढायचं नाही असा दोन्कानं हुकूम सोडला. मेतोदीनं तो पाळला. निदान तिची तशी समजूत होती. गेल्या वर्षी मेतोदीच्या पहिल्या कागदावर शोक करणाऱ्यांची नावं घातली तेव्हाही तिनं आपलं आणि मुलीचं, अशी दोनच घातली. जिभेला हाड नसतं म्हणतात. दोन्काच्या जिभेला होतं, आणि ते कुणाला मोडता आलं नव्हतं.

घरी मुलगी वेसेला उद्या दफनभूमीत वाटायच्या गव्हात अक्रोड मिसळत होती. आईच्या हातातला ओला, चोळामोळा झालेला कागद तिनं उलगडून पाहिला आणि ती खुर्चीत बसली. तिनं अंत्यविधीच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, तुम्ही पाठवला तोच फोटो छापला, बाई. मला जरा विचित्र वाटलं, पण हल्ली लोक काय काय छापून घेतात, मी कोण विचारणारा.

"मी एकट्या बाबांचा पाठवला होता," वेसेला म्हणाली. "तूच निवडलास ना? डॅन्यूबवरचा."

दोन्कानंच निवडला होता. मेतोदी वर्षातून दोन-तीनदा डॅन्यूबवर मासे धरायला जाई आणि येताना एखादा मासा आणि ढीगभर फोटो घेऊन येई. जुन्या कॉम्प्युटरवर बसून ते नीट लावणं हा त्याचा हिवाळ्यातला उद्योग. त्या एका फोटोत तो कडेला कुठेतरी बघून असा हसत होता की दोन्कानं त्याला एकदा विचारलंही होतं, कुणाकडे बघून एवढे दात काढतोयस? माशाकडे, असं तो म्हणाला होता.

कॉम्प्युटर म्हातारा झाला, त्यावरचा फोटोंचा प्रोग्रामही बनवणाऱ्यांनी बंद करून टाकला, म्हणून वेसेलानं गेला आठवडा खपून बापाचे सगळे फोटो लॅपटॉपवर नव्या प्रोग्राममध्ये हलवले होते. नाना भानगडी झाल्या. आधी सगळ्या फोटोंवर एकच तारीख येऊन बसली. ती सुधारली तर प्रत्येक फोटो दोनदा दिसू लागला. जुळी काढून टाकता टाकता तिचे डोळे सुजले. शेवटी सगळं जागच्या जागी दिसलं तेव्हा तिनं एक मोठी कॉफी करून प्यायली होती.

आता तिनं लॅपटॉप गव्हाच्या पातेल्याशेजारी ठेवला आणि तो फोटो शोधला. छोट्या चित्रात मेतोदी एकटाच होता. तिनं त्यावर दोनदा टिचकी मारली, चित्र मोठं झालं, आणि कालोयान आणि ती मुलगी कडेनं आत आली.

वेसेलानं चित्र लहान करून पुन्हा मोठं केलं. मग तिनं आईला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. जुना प्रोग्राम फोटो खरोखर कापत नसे. कुठे कापायचा ते फक्त लक्षात ठेवी, वरून तेवढाच दाखवी, आणि मूळ फोटो खाली अख्खा ठेवी. नव्या प्रोग्रामनं ते लक्षात ठेवलेलं उचललंच नाही. छोटी चित्रं तेवढी जुनी आली, म्हणून तिला काही कळलं नाही. मोठा फोटो न उघडता तिनं तो तसाच दुकानात पाठवला होता.

"म्हणजे तुझ्या बाबानं कापला होता," दोन्का म्हणाली.

"हो."

"हा एकच?"

वेसेलानं आईकडे पाहिलं. मग तिनं प्रोग्राममधलं एक बटण शोधलं, ज्यानं सगळी छोटी चित्रं नव्यानं तयार होतात, आणि ते दाबलं.

पडदाभर मेतोदीच मेतोदी होते, टोपी घातलेले, मासा धरलेले, बाकावर बसलेले. ते एकेक करून रुंद होऊ लागले. एकाच्या खांद्यावर हात आला, मग हाताचा माणूस आला. दुसऱ्याशेजारी एलिफ आली, पोट पुढे आलेली. तिसऱ्याच्या हातात मासा नव्हताच मुळी. मूठभर लोकरीत गुंडाळलेलं तान्हं होतं, आणि कापलेल्या फोटोत त्या लोकरीचं टोक तेवढं दोन्काला त्याची पिशवी वाटलं होतं. पोर बसायला लागली, उभी राहिली, मेतोदीची टोपी घालून पळाली. दोन्का उभ्याउभ्या बघत होती. ही सगळी वर्षं ती या फोटोंकडे पाहत आली होती. प्रत्येकात नातवंड होतं, चार बोटं पलीकडे.

"केवढा लबाड," ती शेवटी म्हणाली.

"लबाड नाही गं. घाबरट. तुला दाखवायचे होते ना त्याला फोटो. माणूस काढून टाकायचा आणि दाखवायचे."

"तुला ठाऊक होतं?"

वेसेलानं मान खाली घालून गहू ढवळला. "होतं."

"आणि गावाला?"

"गिन्काकाकूला नसणार. तिला असतं तर तुला त्याच दिवशी कळलं असतं."

तेवढ्यात वेसेलाचा फोन वाजला. नाव बघून ती उठून बाहेर जायला लागली, पण दोन्कानं मनगट धरून तिला खाली बसवलं. वेसेलानं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. फोन कालोयानचा होता. शाळेतल्या कुणा मित्रानं त्याला थांब्यावरच्या कागदाचा फोटो पाठवला होता, आणि खाली विचारलं होतं, तू ठीक आहेस ना रे?

"आईनं लावलाय ना?" कालोयान म्हणाला.

"दादा, ऐक, नवीन प्रोग्राम घेतला, त्यात—"

"मला मेलेला म्हणाली, ऐकून घेतलं. बाबाच्या कागदावर माझं नाव घातलं नाही, तेही गिळलं. पण माझ्या पोरीचं तोंड? त्या काळ्या चौकटीत?" त्याचा आवाज फाटला. "मी निघालोय. पोरीला घेऊन येतोय."

फोन बंद झाला. वेसेला म्हणाली, काळजी करू नकोस, आल्यावर मी त्याला लॅपटॉपच उघडून दाखवते, चूक कॉम्प्युटरची आहे, तुझी नाही. दोन्कानं मान डोलावली. बुडत्याला काडीचा आधार पुरतो, ही तर चांगली फळी होती.

ती सुरी घेऊन पुन्हा बाहेर पडली. चर्चच्या फळीवरचा कागद काढताना तिनं पाद्र्याला सांगितलं, कॉम्प्युटरची चूक. पावाच्या दुकानाशेजारचा काढताना रांगेतल्या बायकांना सांगितलं, कॉम्प्युटरची चूक. बायका हो हो म्हणाल्या. त्यांतल्या दोघी-तिघी त्या दिवशी अंगणाकडे कान लावून होत्या. ती अंगणातली ओळ आपल्याइतकीच त्यांच्याही कानात वाजत असणार, हे दोन्काला पाठीवर जाणवत होतं.

घराच्या फाटकावरचा कागद शेवटी राहिला. त्यावर सकाळपासून ऊन होतं. गोंद खडखडीत वाळला होता. सुरीनं कागदाचा भुगा होत होता पण तो निघत नव्हता, आणि मुलीच्या तोंडावर पातं टेकवायला दोन्काचा हात धजत नव्हता. ती कडेकडेनंच खरवडत राहिली. गाडी येऊन थांबली तेव्हाही ती तिथेच होती.

कालोयान उतरला. त्यानं आईकडे पाहिलं नाही, फाटकाकडे पाहिलं. मग मागचं दार उघडून मुलीला खाली घेतलं.

"जिवंत आहे ती," तो म्हणाला. "नीट बघून घे."

मुलीला आता पुढचे दात आले होते. ती पुढे आली आणि दोन्काच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. तिला भीती वाटत नव्हती. ओळखीची वस्तू भलत्या ठिकाणी सापडावी तसं ती बघत होती.

"बाबा, ही आजोबांची दोन्का आहे. त्यांच्या फोनमधली."

कालोयाननं गाडीचं दार लावलं.

"पण ती तर मेलीय ना? मी व्हायच्या आधीच."

दोन्काला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं मुलाकडे पाहिलं. रूसेपासून इथवर जो राग त्यानं सांभाळून आणला होता तो त्याच्या तोंडावरून उतरला होता, आणि तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मी नाही सांगितलं," तो म्हणाला. "माझ्या बाबानं सांगितलं. ही सारखी मागे लागायची, आजोबा, तुमच्या घरी न्या, आजीकडे न्या. त्याला दुसरं काही सुचलं नसेल."

"मी तुमच्यासाठी मेणबत्तीपण लावलीय," मुलगी म्हणाली. "आजोबांबरोबर. चर्चमध्ये. खाली, वाळूत."

जिवंत माणसांसाठी मेणबत्ती वर लावतात, गेलेल्यांसाठी खाली वाळूत. मेतोदी या पोरीचं बोट धरून, खाली वाकून, आपल्या बायकोसाठी वाळूत मेणबत्ती रोवतो आहे, आणि संध्याकाळच्या बसनं मासा घेऊन त्याच बायकोकडे येतो आहे, हे दोन्काला लख्ख दिसलं. इकडे त्यानं मुलगा कापला, तिकडे तिला कापलं. दोन्ही घरांत कुणाला काही खुपू दिलं नाही. तिला राग यायला हवा होता. आलं ते रडू.

"माझा कागद पाहिलास का कुठे लावलेला?" तिनं मुलीला विचारलं.

मुलीनं आठवून बघितलं. "नाही."

"मग मी मेलेली नाही."

मुलीला ते पटलेलं दिसलं. मग ती फाटकाकडे वळली, आणि तिनं अर्धवट खरवडलेल्या कागदावर बोट ठेवलं.

"माझा तर लावलाय. कुणी लावला?"

वेसेला लॅपटॉप छातीशी धरून घरातून धावत येत होती. "अगं बाळा, ते ना, कॉम्प्युटरमध्ये काय झालं—"

"वेसेला, थांब," दोन्का म्हणाली. ती मुलीसमोर गुडघे टेकून बसली, आणि हे ती मुलीला सांगत होती तरी आवाज मुलाला ऐकू जाईल एवढा होता. "मी लावला. पुष्कळ वर्षांपूर्वी. काढायला उशीर केला, आता वाळलाय. नुसत्या सुरीनं निघत नाही."

रस्त्याच्या पलीकडे गिन्काच्या खिडकीचा पडदा हलला आणि तसाच राहिला. कालोयाननं त्या कागदाच्या कडेला नख लावून पाहिलं. मग त्यानं अंगातलं जाकीट काढून फाटकावर टाकलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"गरम पाणी लागेल," तो म्हणाला.