बगळीचा डावा अंगठा

मी बास्केटबॉलची रिंग बोलतेय. लोखंडाची, गोल, जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर फळीला बोल्टांनी आवळलेली. माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका. जन्म हातोड्याखाली झाला आणि उभं आयुष्य चेंडूचा मार खाण्यात गेलं. चेंडू आत गेला की माणसं एकमेकांना मिठ्या मारतात, बाहेर गेला की वर बघून मला शिव्या घालतात. लागलं का, म्हणून आजवर एकानंही विचारलेलं नाही.

या हॉलमध्ये आम्ही दोघी. पलीकडच्या टोकाला माझी बहीण. सराव सगळा तिच्यावर चालतो. मी अडगळीच्या खोलीकडची. माझ्यासमोर उभं करायचं ते शिक्षा म्हणूनच.

शिक्षा द्यायला मुलींच्या संघाचे सर होतेच. मुली त्यांना तोंडावर 'सर' म्हणायच्या आणि पाठ वळली की 'तोफ'. त्या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं. आणि संघात एक चौदा वर्षांची मुलगी होती, नुसते पाय आणि मान. तिला सगळे 'बगळी' म्हणत.

उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणी बगळीला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे कुणी आडवं येत नाही, कुणी हात उगारत नाही. रेषेवर उभं राहायचं, नेम धरायचा, टाकायचं. म्हणूनच चुकलं तर माफी नसते. बगळीचे दोन्ही चुकले आणि संघ एका गुणानं हरला.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर तिचा पाणउतारा केला. "हात थरथरतात हिचे. भित्री आहे, भित्री! आजपासून ही त्या रिंगवर. रोज शंभर. आमच्यात यायचं नाही."

मला तेव्हाच नवा नारिंगी रंग दिला होता. आणि आली ही, तो रंग उडवायला.

चार महिने! सराव संपला की सर माझ्याखाली येऊन उभे राहायचे आणि पडलेला चेंडू तिच्या छातीवर फेकायचे. "कोपर आत! गुडघे कशाला दिलेत देवानं? भित्री ती भित्रीच." बगळी ओठ आवळून चेंडू तीनदा आपटायची, श्वास सोडायची, टाकायची. सगळं तिनं शिकून घेतलं. तरी शंभरात पन्नाससुद्धा आत जात नव्हते. एकदा तिचे बाबा घ्यायला आले आणि दारातूनच म्हणाले, "सर, जरा सबुरीनं घ्या. पोर रात्री जेवत नाही."

"मग घरीच बसवा," सर म्हणाले. "लाड करायला मी आत्या नाही तिची."

बाबांनी तिची पिशवी उचलली. बगळीनं मात्र सरांकडे असं पाहिलं की माझ्याही लोखंडाला चटका बसावा. मला ना तिची कीव आली, ना त्यांचं कौतुक वाटलं. मार मी खात होते.

मग एकदा माझी जाळी एका बाजूनं फाटली. शिपाई रजेवर, म्हणून सर स्वतःच शिडी लावून वर आले. इतक्या जवळून त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. जाळी ओवता ओवता त्यांचा हात थांबला. माझा रंग सगळीकडे कोरा करकरीत होता. फक्त एका ठिकाणी, रेषेवरून पाहिलं तर उजव्या अंगाला, वीतभर उडून लोखंड उघडं पडलं होतं.

सर खेळातले मुरलेले. त्यांना सांगावं लागलं नाही. घाबरलेल्या हातातला चेंडू चारी दिशांना जातो. हिचा चुकलेला चेंडू चार महिने एकाच जागी येऊन आदळत होता.

ते खाली उतरले. "टाक एक," म्हणाले, आणि पहिल्यांदाच चेंडूकडे न बघता तिच्या हातांकडे बघत राहिले.

"डावा हात कशाला असतो?"

"चेंडू सावरायला."

"मग सोडताना डाव्या अंगठ्यानं ढकलतेस कशाला? तोच पळवतोय चेंडू उजवीकडे." त्यांनी चिकटपट्टी काढली आणि तिचा डावा अंगठा शेजारच्या बोटाला बांधून टाकला. "आता टाक."

त्या संध्याकाळी शंभरातले एकाहत्तर आत गेले. आठवड्याभरानं चिकटपट्टीशिवाय पंच्याऐंशी. झालं, आता दोघं हसतील, असं मला वाटलं. कसचं काय!

"सर," बगळी म्हणाली, "म्हणजे मी भित्री नव्हते. अंगठा चुकत होता."

"सुधारला ना? मग विषय संपला."

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात. आता सगळ्यांसमोर सांगा, तुमचं चुकलं म्हणून."

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी? तुला? चालती हो इथून!"

ती खरंच चालती झाली, आणि थेट पलीकडच्या क्लबात गेली.

पुढच्या हंगामात त्याच क्लबाशी याच हॉलमध्ये सामना झाला. शेवटचे चार सेकंद. बगळीचा संघ एका गुणानं मागे, आणि दोन फ्री थ्रो, माझ्यावर. तेवढ्यात बाकावरून सर ओरडले, "हात बघा हिचे! भित्री!" पंचांनी धावत जाऊन त्यांना ताकीद दिली. त्यांच्या स्वतःच्या संघातल्या मुलींनीसुद्धा माना खाली घातल्या.

बगळीनं चेंडू तीनदा आपटला. श्वास सोडला. पहिला आत. दुसराही आत. दोन्ही वेळा मला साधा स्पर्शही झाला नाही, फक्त जाळी सळसळली.

सामना संपल्यावर ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

"छान टाकलेस," सर नाइलाजानं म्हणाले.

"मी ते ऐकायला आले नाही."

सरांनी पाठ फिरवली. ती निघून गेली. तिच्या बाबांची बदली झाली आणि ती या शहरातूनच गेली, असं मुली बोलत होत्या.

गेल्या आठवड्यात सरावात एका नव्या पोरीचे सलग पाच चुकले. मागून कुणीतरी खिदळलं, "भित्री!" सरांनी शिट्टी फुंकली. सगळ्या जागच्या जागी थबकल्या. सरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. मग रागानंच म्हणाले, "हा शब्द इथे चालणार नाही. एका मुलीला मी तो चार महिने म्हणत होतो. ती भित्री नव्हती. मी आंधळा होतो. चुकलं माझं. आता बघता काय? पळा!"

एवढंच. ज्यांच्यासमोर तिला भित्री म्हटलं होतं त्यांतल्या निम्म्या मुली आता संघात नाहीतच. आणि जिनं ऐकायला हवं होतं ती कुठे आहे, ठाऊक नाही.

उद्या पानेवाला माणूस येणार आहे. माझ्या जागी स्प्रिंगवाली नवी रिंग बसणार, आणि मी भंगारात. माझं मला दुःख नाही. माणसांचा मला अजून रागच आहे. पण त्या दिवशी सर जे बोलले ते मी ऐकलं आणि ते माझ्याबरोबर वितळून जावं असं वाटत नाही. तुम्ही हिंडताफिरता. लांब मानेची, चेंडू टाकण्याआधी तीनदा आपटणारी एखादी मुलगी कुठे दिसली, तर तिला एवढं सांगा: सर बोलले. उशिरा बोलले, पण सगळ्यांसमोर बोलले.