निधनाआधीचा शब्द

"काका, एक शब्द राहिलाय," सलिल म्हणाला.

इम्तियाज स्टुलावरून उतरला आणि ओला खडू त्याने पाण्याच्या वाटीत ठेवला. मंडईमागच्या चौकातल्या वार्ताफलकावर लिहिलं होतं, 'आपले रंगनाथ पाठक यांचे' आणि त्यापुढे 'निधन'. मधली एका शब्दाची जागा कोरी होती.

"राहिला नाही, ठेवलाय."

"अहो, 'दुःखद' लिहा नि मोकळे व्हा." सलिल मंडळाचा कार्यवाह होता आणि सकाळपासून धावपळ करून घामेजला होता. "लोक विचारतायत, काय भानगड आहे म्हणून."

"लिहीन. आधी गोदावहिनींना विचारून येतो."

"काय विचारणार? दुःख झालं का?"

"हो," इम्तियाज म्हणाला. "तेच."

सलिलने स्टूल बाजूला ओढून वाट करून दिली. पेठेतला माणूस वाद न घालता वाट देतो म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

इम्तियाजची नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पेंटर म्हणून झाली. 'धूम्रपान मना आहे' हे वाक्य त्याने इतक्यांदा लिहिलं, की स्वतःची विडी आपोआप सुटली. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा बायकोने, परवीनने बजावलं, "घराच्या भिंती सोडा, बाहेर काय रंगवायचं ते रंगवा." म्हणून हा फळा. फळ्यावर रोजचा सुविचार, पाणी न येण्याची वेळ आणि कुणी गेलं तर निधनवार्ता. अक्षर इम्तियाजचं, विचार रंगनाथरावांचा. थोरामोठ्यांची वचनं उतरवणं रंगनाथरावांना मंजूर नव्हतं. उष्टं शहाणपण नको म्हणायचे.

"माणूस मुळात चांगलाच असतो, फक्त त्याला रांगेत उभं करू नये," ते सांगायचे. किंवा, "कुणी बघत नसतानाही रेघ सरळ ओढणं म्हणजे कला." हे वाक्य इम्तियाजने जरा जास्तच मन लावून लिहिलं होतं. कधीकधी विचार लांबत जायचा.

"रंगनाथराव, दोन ओळींत बसवा. तिसरीत पाण्याची वेळ लिहायचीय."

"म्हणजे फळ्याच्या रुंदीएवढंच तत्त्वज्ञान?"

"परवडतं तेवढं घ्या."

मग ते हसायचे. अशी मैत्री म्हातारपणी सहसा जमत नाही. या दोघांची जमली होती.

एकदाच ते हसले नव्हते. कुणाची तरी निधनवार्ता लिहून झाली होती. रंगनाथराव खाली उभे राहून बघत होते. "सगळ्यांनाच 'दुःखद' कसं रे लावतोस? काही माणसं गेली की घराची सुटका होते. खोटं लिहू नये. माझ्या वेळी आधी गोदाला विचार. ती म्हणाली तरच लिही."

"काहीतरीच काय!"

"मी आयुष्यभर चांगलं कसं जगावं ते सांगत बसलो, इम्तियाज. आणि तिने डबे करून घर चालवलं. मी चहाचा कपसुद्धा कधी उचलला नाही. विचार तिला. मला वचन दे."

इम्तियाजने वचन दिलं. आज पहाटे रंगनाथरावांनी चहा मागितला आणि तो येईपर्यंत ते गेले.

इम्तियाज पाठकांचा जिना चढू लागला. गोदावहिनींची जीभ अख्ख्या पेठेला माहीत होती. 'जगाला शहाणपण आणि घरात बसकण' हे त्यांचं वाक्य खालच्या चौकापर्यंत ऐकू यायचं. त्या 'नको' म्हणाल्या तर ती जागा कोरी ठेवावी लागणार होती, आणि मित्राची वार्ता अशी अर्धवट ठेवायला इम्तियाजचा हात धजला नसता.

आत बायका बसल्या होत्या. मुलगी नागपूरहून निघाली होती. गोदावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. इम्तियाज उंबऱ्यातच थांबला आणि चाचरत त्याने सगळं सांगून टाकलं.

"मेल्यावरही मलाच कामाला लावलं," गोदावहिनी म्हणाल्या.

बायकांनी माना खाली घातल्या. इम्तियाजला वाटलं, संपलं.

मग त्याचं लक्ष खाटेशेजारच्या स्टुलाकडे गेलं. तिथे चहा होता, बशीने झाकलेला. कुणीतरी शेजारीण तो उचलायला वाकली.

"राहू दे तो," गोदावहिनी एकदम म्हणाल्या. "सकाळपासून बघतेय. मला उचलवत नाही."

भिंतीचा आधार घेऊन त्या उठल्या. "चला इम्तियाजभाई, दाखवा कुठे लिहायचंय."

"वहिनी, तुम्ही कशाला खाली... नुसतं सांगा."

"रोज भाजीला जाताना वाचत होते मी तो फळा. त्यांना कळू दिलं नाही, नाहीतर डोक्यावर बसले असते." जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "तुमच्या अक्षरात बरे शहाणे वाटायचे."

चौकात माणसं बाजूला झाली. सलिलने स्टूल धरलं. गोदावहिनींनी नाव वाचलं, मग कोरी जागा पाहिली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मोठं लिहा. मावेल तेवढं."

इम्तियाजने वाटीतला खडू घेतला. खाली रेघ आखलेली नव्हती, डोळे भरून आले होते, तरी अक्षर सरळ गेलं. तो उतरून बाजूला झाला.

"दिसत नाही काही," गोदावहिनी म्हणाल्या.

"खडू ओला आहे, वहिनी. वाळल्यावर उमटतो."

त्या हलल्या नाहीत. मागोमाग उतरलेल्या जावेने वर चलायला सांगितलं, तरी हलल्या नाहीत. फळ्यावर तो शब्द हळूहळू पांढरा होत गेला, आणि तो नीट वाचता येईपर्यंत गोदावहिनी पदर तोंडाशी धरून तिथेच उभ्या राहिल्या.