दातांतली लाल माती

मित्रांनो, मी ड्रिल बिट आहे, तेही जुना. तेलविहीर खणताना लांब नळ्यांच्या टोकाला मला बसवतात. माझं वजन अडीचशे किलो. मला तीन फिरते शंकू आहेत आणि त्यांवर कठीण धातूचे दात. माझं काम विहिरीच्या फक्त वरच्या टप्प्याचं, त्यामुळे तेल मी कधी पाहिलंही नाही.

इराकमधल्या कुर्द लोकांच्या डोंगरात मी शेवटचं खणलं. सत्तर मीटरवर लाल मातीच्या थरात पाणी होतं. तो थर मी भेदला, पाणी खालच्या भेगांत उतरलं आणि महिन्याभरात पायथ्याच्या गावाचा झरा आटला. माझ्या वेगाचं मात्र कौतुक झालं. २०१४ साली तिथे युद्ध पेटलं. कंपनीने घाईघाईने मला ओमानला हलवलं, न धुताच. निझवातल्या एका वर्कशॉपच्या आवारात मी दोन वर्षं पडून होतो. माती दातांत सुकून घट्ट झाली.

मग रईसा आली. ती त्याच गावची. वस्तूंची मांडणी करून ती कलाकृती घडवते. माझ्यावर कोरलेल्या क्रमांकावरून तिने मला शोधलं होतं. मस्कतजवळच्या अल खौदच्या प्रदर्शनात मला दात वर करून ठेवायचं, म्हणजे लोकांना माती जवळून दिसेल, असं तिच्या मनात होतं. झऱ्याच्या थराची तेवढीच माती शिल्लक होती.

हे सगळं ती अर्बाबशी, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाशी बोलली. अर्बाबने फिटर चंद्रहासला एवढंच सांगितलं, की हा प्रदर्शनात जायचाय, नीट तयार कर. चंद्रहास मालवणकडचा. न धुता काही बाहेर पाठवायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. त्याने प्रेशरच्या पाण्याने मला धुतलं, तारेने दात कोरले, वर निळा रंग दिला. मला ओरडता आलं नाही. खरं सांगतो, स्वच्छ झाल्यावर मला बरंच वाटलं.

दुपारी रईसाचा फोन जितेशने घेतला. तो चंद्रहासचा जोडीदार.

"दादा, बाई विचारतायत, माती आहे ना म्हणून."

"कसली माती?"

"ह्याच्या दातांतली. तीच दाखवायचीय म्हणे."

चंद्रहास टाकीकडे धावला. धुतलेलं पाणी केव्हाच गाळाच्या टाकीत, ग्रीसमध्ये मिसळलं होतं.

जितेश म्हणाला, "टेन्शन कशाला घेतोस? आवारामागची माती घे, चमचाभर रेड ऑक्साइड घाल. कोण ओळखतंय? खलास."

चंद्रहासने घमेल्यात माती कालवलीसुद्धा. पहिला गोळा दातांत दाबला आणि लगेच बोटाने काढून टाकला.

"बाई ओळखतील रे. आणि नाही ओळखली, तर ते जास्त वाईट."

दुसऱ्या दिवशी रईसा आल्यावर त्याने मोडक्यातोडक्या अरबीत सगळं सांगितलं. ती बराच वेळ माझ्या दातांमधून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही काय केलंत, ते तुमच्या भाषेत लिहून द्या."

आता मी प्रदर्शनात उभा आहे, निळा, चकचकीत. शेजारी कागद आहे: 'ह्याच्या दातांत रईसाबाईंच्या गावची माती होती. मी न विचारता धुतली. माफी असावी. चंद्रहास.' खाली अरबी भाषांतर. लोक वाचतात आणि माझ्यापासून थोडे मागे सरकतात.

मित्रांनो, जुनी वस्तू साफ करण्याआधी तिच्यावरचा मळ कुणाचा आहे, ते विचारा. चंद्रहासने माती धुतली आणि तसं लिहून दिलं. झरा मी आटवला. त्याबद्दलचा कागद इथे कुठेच लावलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.