मागच्या दाराची गोण

मित्रांनो, माझ्याजवळ नाक आणलंत तर अजून हळदीचा वास येईल. मी एक जुनी गोण आहे. तागाची, खरखरीत, एका कानाशी, म्हणजे कोपऱ्याशी, ठिगळ लावलेली. कुणी मला पोतं म्हणतं, कुणी बारदान म्हणतं. मी स्वतःला गोणच म्हणते. बंगालकडच्या एका गिरणीत माझा जन्म झाला आणि आगगाडीतून, ट्रकमधून धक्के खात मी सांगलीच्या हळदपेठेत आले. कितीदा माझ्या पोटात हळकुंडं भरली आणि कितीदा रिकामी झाली! हमालांनी मला आकडे टोचले, पाठीवरून आपटलं, थप्पीत सगळ्यांत खाली दाबलं. मी कधी कुरकुरले नाही. गोणीचा जन्मच मुळी ओझ्यासाठी.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट हळदीची नाही. ती एका मांजराच्या नखांची आहे. त्या संध्याकाळी ते मांजर माझ्या पोटात कोंडलेलं होतं, माझं तोंड सुतळीनं आवळलेलं होतं आणि पुढं काय होणार हे ठाऊक असूनही मला ओरडता येत नव्हतं.

माझे धनी आष्ट्याचे हळदीचे व्यापारी, आदगोंडाअण्णा. मला ठिगळ लागलं, माल भरायच्या कामाची मी राहिले नाही, तेव्हा त्यांनी मला घरी आणलं आणि मागच्या दारात पाय पुसायला अंथरलं. माझी पेन्शनच म्हणा ना ती. तिथंच मला भुरी भेटली. तेव्हा राखाडी अंगाचं, पांढऱ्या पंजांचं एवढंसं पिल्लू. रोज सकाळी ती परसातून यायची, पुढचे दोन्ही पाय माझ्यावर लांब ताणायची, पाठ कमानीसारखी वाकवायची आणि नखं रुतवून ओढायची. खर्र... खर्र... खर्र. अण्णांच्या मंडळी चंपाबाई चुलीपुढून ओरडायच्या, "फाड बाई, फाड! तेवढंच काम हाय तुला." त्यांच्या आवाजात राग नसायचा. भुरीच्या ताटलीत दूध त्याच ओतायच्या.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि घरात बाळ येणार म्हणून कळलं. अण्णांचा मुलगा पारस आणि त्याची बायको दीपाली यांचं पहिलं लेकरू. दीपाली माहेरी बाळंत झाली. बाळाचं नाव 'अतिशय' ठेवलं, जैन घरात ठेवतात तसं. मायलेकरं परत यायची म्हणून चंपाबाईंनी घर चकाचक केलं. भिंती झाडल्या, गाद्यांना ऊन दिलं आणि मागच्या दारात येऊन त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"हे धुळीचं पोतं कशाला हितं? लेकराच्या नाकात जाईल सगळं."

झालं. मी माळ्यावर गेले. माझ्या जागी सांगलीहून आणलेलं एक मऊ, गुळगुळीत, फुलाफुलांचं पायपुसणं आलं. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लेकरासाठी घर कोण स्वच्छ करत नाही? पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला माळ्यावर ऐकू आलं. भुरी मागच्या दारात येऊन हुंगत होती. इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं. त्या मऊ पायपुसण्यावर एकदा पंजा मारला. ते सरकलं. ती म्याँव करत घरभर फिरली. आणि मग बाहेरच्या खोलीतून आवाज आला, खर्र... खर्र...

तो नव्या सोफ्याचा आवाज होता.

तिथून घरची शांती गेली. चंपाबाई झाडू घेऊन धावायच्या, पारस पाणी मारायचा, अण्णांनीही एकदा चप्पल भिरकावली. भुरीला एवढंच कळलं की माणसं बघत असताना ओरबाडायचं नाही. मग ती कुणी नसताना ओरबाडू लागली. आणि एके दुपारी तिला मधल्या खोलीतला पाळणा सापडला. पाळण्याची कापडी झोळी छान लोंबत होती, जाड होती, नखं रुतत होती. आत कुणी झोपलंय हे तिच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

अतिशयची किंकाळी मी माळ्यावर ऐकली. मित्रांनो, मी हमालांच्या शिव्या ऐकल्यात, ट्रकचे अपघात पाहिलेत, पण त्या आवाजानं माझा धागा न् धागा ताठ झाला. झोळीतून आरपार गेलेल्या नखानं बाळाच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, लाल रेघ ओढली होती. दीपालीनं साबणानं जखम धुतली, बाळाला दवाखान्यात नेलं, सुया टोचून आणल्या. बाळ हुंदके देत झोपलं. घरात मात्र वादाला तोंड फुटलं.

"पारस, आता एक दिवसबी न्हाई," चंपाबाई म्हणाल्या. "लेकराचा डोळा थोडक्यात वाचलाय. घाल तिला पोत्यात आन् सोडून ये लांब."

"आई, कुत्री फाडतील तिला," दीपाली म्हणाली.

"मी काय मारा म्हणतीया? आपल्या घरात मुंगीबी मारत न्हाईत. नुसतं सोडा म्हणतीया. जगंल तिच्या नशिबानं."

अण्णा पेपराआडून म्हणाले, "सोडणं आन् मारणं, ह्यात अंतर किती हाय गं? कवा चालून बघितलंस का?"

"तुमी गप बसा. सोफा फाटला तवा चप्पल कुणी मारली?"

अण्णा परत पेपरात शिरले.

पारस मोबाइल चाळत होता. "आई, हितं दिलंय बघ. बाहेरदेशात डॉक्टर मांजराची नखंच काढून टाकायचे. कायमची. इस्लामपुरात विचारूया."

दीपालीला तेवढाच आधार मिळाला. "दुखत नसंल ना ओ?"

"आपण कापतोच की नखं. तसलंच काय तरी असंल."

"दिवस मावळायच्या आत," चंपाबाई म्हणाल्या, "एक तर हिची नखं जाऊ देत, न्हाईतर ही जाऊ दे. त्याशिवाय मी ताटावर बसणार न्हाई."

या घरात सूर्य बुडाल्यावर कुणी घास खात नाही. दिवस मावळला की जेवण थेट दुसऱ्या सकाळी. आणि चंपाबाई बोलल्या की बोलल्या.

पारसनं माळ्यावर हात घातला आणि हाताला लागली ती मी. त्यानं माझं तोंड उघडून मला जमिनीवर ठेवलं आणि भुरीला धरायला तो वळला. पण धरावं लागलंच नाही. भुरी आपण होऊन आली. मला हुंगलं, माझ्या अंगाला गाल घासला, आणि आपली जुनी ओळखीची जागा सापडल्यासारखी थेट आत शिरून बसली. माझ्या पोटात तिची गुरगुर सुरू झाली. पारसनं सुतळी आवळली. तेव्हा ती थांबली.

इस्लामपूरच्या जनावरांच्या डॉक्टर पल्लवींनी टेबलावर माझी सुतळी सोडली. भुरी बाहेर आली आणि माझ्यावरच दबून बसली, नखांनी मला घट्ट धरून.

"मॅडम, हिची नखं काढायचीत. कायमची," पारस म्हणाला.

"हात करा पुढं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी त्याचं बोट धरलं आणि टोकाचं पेर चिमटीत दाबलं. "मांजराचं नख नुसतं वर चिकटलेलं नसतं. ते ह्या हाडाला धरून उगवतं. नख कायमचं काढायचं म्हणजे हे पेर कापायचं. पुढच्या दोन्ही पायांची सगळी बोटं. सांगा, कुठून सुरुवात करू?"

पारसनं बोट मागं घेतलं. दीपालीनं पदर तोंडाशी धरला.

"ती चालणार त्याच बोटांवर. जन्मभर दुखत राहतं कितीकांना. आणि नखं नसली की मांजर चावायला शिकतं. मग बाळाजवळ ती जास्त धोक्याची की कमी?" असं म्हणत त्यांनी भुरीचा पंजा हलकेच दाबला. नख बाहेर आलं. "हे बघा, टोक पारदर्शक आहे, तेवढंच कापायचं. आतला गुलाबी भाग जिवंत, त्याला हात लावायचा नाही." कट्, कट्. भुरीनं कान मागं केले, पण सोसलं. "ओरबाडणं ही खोड नाही हो. ती नखांचं जुनं टरफल काढते, अंग ताणते, ही जागा माझी म्हणून वास ठेवते. ते बंद होणार नाही. तिला तिची जागा द्या. खरखरीत, घट्ट, न हलणारी. आणि आधी कुठं ओरबाडायची ही?"

"आधी असली सवयच नव्हती हिला," पारस म्हणाला.

मी तिथंच टेबलावर पसरले होते. माझ्या अंगावर तिच्या नखांच्या किती वर्षांच्या रेघा होत्या! पण माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर मी दीपालीच्या मांडीवर होते आणि भुरी माझ्यात. ऊन तांबडं झालं होतं. उसाच्या ट्रॉल्या घरघरत कारखान्याकडं चालल्या होत्या. मध्येच पारसनं मोटरसायकल बाजूला घेतली. दोन्ही अंगाला ऊस, पलीकडं तोडणीवाल्यांच्या खोपी.

"उतर," तो म्हणाला.

"हितं कशाला?"

"आई उपाशी झोपंल, दीपाली. आन् उद्या परत लेकराला लागलं तर? आई हायस ना तू त्याची?"

दीपालीचा चेहरा पडला. "हाय. आई हाय म्हणूनच माझा हात उठंना." मग हळूच म्हणाली, "आवं, आत्ताच नखं कापलीत तिची. कुत्रं आलं तर झाडावर तरी चढंल का ती?"

पारस खाली वाकला. त्यानं मला रस्त्याकडंला ठेवलं आणि सुतळी सोडली.

मित्रांनो, जन्मभर मी ओझी वाहिली, पण त्या घडीला माझ्यात असलेलं ते दोन-तीन किलोचं ओझं मला पेलवेना. माझं तोंड उघडं होतं आणि भुरी बाहेर येत नव्हती. तिचं काळीज माझ्या विणीला धडधडत होतं. पारसनं मला तिरकं केलं. ती बाहेर आली, उसाची सळसळ ऐकून थबकली. आणि पळायचं सोडून वळली, माझ्यावर दोन्ही पाय ताणले, पाठ वाकवली. खर्र... खर्र.

दीपाली बघत राहिली. "थांबा. थांबा ओ. हे पोतं कुठलं?"

"माळ्यावरचं."

"आन् माळ्यावर कवा गेलं?"

"तू माहेराहून यायच्या आधी. मागच्या दारात असायचं. आईनं..." पारस बोलता बोलता थांबला.

"आन् सोफा कवापासनं फाडायला लागली ती?"

पारसनं वळून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात खोपींकडून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. एक पिवळं, दांडगं कुत्रं उसातून थेट आमच्या अंगावर आलं. भुरी झाडाकडं पळाली नाही की पारसकडंही नाही. ती परत माझ्यात शिरली. ज्या गोणीतून तिला टाकायला आणलं, त्याच गोणीत!

कुत्र्यानं माझा ठिगळाचा कान धरला आणि ओढायला लागलं. ठिगळ टरटरलं. मी फाटले की ती उघडी पडणार. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा एकेक धागा आवळून धरला. "हाड! हाड म्हणतो न्हवं!" पारसनं हेल्मेट फिरवलं, दुसऱ्या हातानं मला हिसकावलं आणि छातीशी कवटाळलं. कान कुत्र्याच्या दातात राहिला, मी सुटले. टोकं कापलेली असूनही भुरीची नखं माझ्यातून आरपार जाऊन पारसच्या दंडात रुतली होती. त्यानं हात सैल केला नाही.

"बस मागं," तो दीपालीला म्हणाला. "दिवस मावळायला आलाय."

घरी पोचलो तेव्हा ऊन नारळाच्या शेंड्यावर होतं. चंपाबाई दारात.

"आणलीस परत?"

"आई, एकदा बघा. नुसतं बघा," दीपाली म्हणाली. "मग तुमी म्हणाल तसं." तिनं अतिशयला पाळण्यातून उचलून सासूच्या मांडीवर दिलं. पारसनं मला पाळण्याशेजारच्या लाकडी खांबाला गच्च गुंडाळलं, त्याच सुतळीनं. मग भुरीला सोडलं.

ताट वाढून ठेवलं होतं. कुणी तिकडं बघेना. भुरी चालत पाळण्याकडं गेली. रिकाम्या झोळीकडं मान वर केली. पंजा उचलला. चंपाबाईंनी बाळाला घट्ट धरलं. पंजा हवेत राहिला, नाक हललं, आणि ती वळून माझ्याकडं आली. मागच्या पायांवर उभी राहून जमेल तेवढी लांब झाली.

खर्र... खर्र... खर्र.

पुन्हा पाळण्याकडं तिनं बघितलंही नाही.

"हे माझ्या मागच्या दाराचं पोतं," चंपाबाई हळू म्हणाल्या. "मीच टाकलं की गं माळ्यावर. मी हिची जागा काढून घेतली, आन् हिलाच शिव्या दिल्या."

अण्णा खिडकीतून बघत म्हणाले, "दिवस मावळला गं."

"मावळू दे." त्यांनी भुरीकडं बघून नाक ओढलं. "उपास घडवलास बया तुझ्यापायी. फाड आता. फाड बाई, फाड!"

मित्रांनो, त्या दिवसापासून मी या खांबाला आहे. सोफ्याच्या हातांवर गुळगुळीत कापड आलंय. पाळण्याला जाळी आहे, आणि बाळ नि भुरी एका खोलीत असली की मोठं माणूस तिथं असतंच. अण्णा भुरीला मांडीवर घेतात आणि दीपाली नखांची फक्त टोकं कापते. माझ्यापाशी येऊन ओरबाडलं की तिला शाबासकी मिळते. झाडू कुणी उचलत नाही.

आणि मी? मी रोज थोडी थोडी झिजते. माझे धागे तुटतात, फरशीवर सांडतात. कधी कुणी पाहुणे म्हणतात, काय हे लक्तर घरात! म्हणू देत. तुमच्या घरी मांजर असेल तर असं एक लक्तर त्याला द्या, आणि घर आवरताना ते फेकण्याआधी एकदा त्याच्यावरच्या रेघा बघा. माझा धागा तुटला तर दुखत नाही. मी संपले तर हळदपेठेत दुसरी गोण मिळेल. भुरीला दुसरी बोटं कुठं मिळणार होती?