दोनचं बटण

"सही करा ताई, विषय संपवा," म्हणत मॅनेजर रविराज साहेबांनी माफीनामा विजयमालाताईंच्या टेबलावर सरकवला. तो मीच टाइप केला होता, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

उमापूरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगचं ऑफिस गावातून या नव्या इमारतीत आलं, त्याला चारच दिवस झाले होते. मी आवक-जावक कारकून, ताई टेलिफोन ऑपरेटर. बाहेरून आलेला फोन घ्यायचा आणि आतला नंबर दाबून जोडून द्यायचा, सव्वीस वर्षं हेच काम. नव्या जागेत मात्र वजनकाट्याचा एकतीस लागायचा, गेटचा तीस लागायचा आणि मॅनेजरचा एकवीस, चेअरमनचा बावीस काही केल्या लागेना. दोननं सुरू होणारे नंबर नेमके साहेबलोकांचे. चेअरमन राधाकिशन अण्णांना आलेला गुजरातच्या व्यापाऱ्याचा फोन तीनदा तुटला. बीडहून मेकॅनिक आला. ताई त्याला सांगत होत्या की दोन दाबलं की आवाज लांबतच राहतो. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, वायरी बघितल्या आणि सगळं ठीक आहे म्हणून निघून गेला. मग दोष कुणाचा? बाईचा. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या बाईनं साहेबांचे फोन मुद्दाम तोडले, असं तिनंच लिहून द्यायचं होतं.

"मी कावून करू सही? मी तोडलेच न्हाईत."

"दुसऱ्या कुठल्याबी फोनवरून बावीस लागतो, ताई. फक्त तुमच्या हातानं लागत नाही. संध्याकाळपर्यंत सही पाहिजे."

साहेब गेले. ताईंनी कागद फाडला नाही. उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

"ताई, आठ महिन्यांसाठी कशाला वाकडं घेता?" मी म्हणालो. "करून टाका सही."

"तुझं नाव घाल की मग त्याच्यावर, अजिनाथ."

ताई उठल्या, तडक गेटवर गेल्या आणि वॉचमनचा फोन उचलून घेऊन आल्या. आपल्या फोनची वायर काढून त्याला लावली आणि दोनदा दोन दाबलं. भिंतीपलीकडे अण्णांच्या केबिनमध्ये घंटी वाजली.

"ऐकलं का? वायर बरी हाय, हात बी बरा हाय. आता राहिला माझा फोन. जा, पेचकस आण."

मी आणला. ताईंनी फोन उलटा करून चार स्क्रू काढले. दोनच्या बटणाखाली लाल लगदा वाळून घट्ट बसला होता आणि त्यात तांदळाची कणी रुतली होती. दाबलेलं बटण लवकर वर येतच नव्हतं.

कुंकू कुणाचं, हे दोघांनाही माहीत होतं. वास्तुपूजेच्या दिवशी अण्णांनी स्वतः नारळ फोडून फोनवर पाणी शिंपडलं होतं, वर कुंकू नि अक्षता वाहिल्या होत्या. "अण्णा, फोनला लांबूनच वाहा," असं ताई म्हणाल्याही होत्या. "अगं, लक्ष्मी ह्याच्यातूनच येती," म्हणून अण्णांनी आणखी एक चिमूट टाकली होती.

तेवढ्यात रविराज साहेब परत आले. लाल बटण बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"पुसून टाका, ताई. अण्णांच्या कानावर नको. तो कागद द्या इकडं, मीच फाडतो."

ताईंनी तांब्यावर हात ठेवला.

"तोंडी मिटवायचं हुतं तर आळ बी तोंडीच घ्यायचा, साहेब. कागद आलाय, जवाब बी कागदावरच जाईल."

त्यांनी तिथंच लिहिलं, "दोन नंबरच्या बटणाखाली वास्तुपूजेचे कुंकू व तांदूळ आढळले. माझी कोणतीही चूक आढळली नाही." बटण खरवडून साफ केलं, ती कणी पुडीत बांधून कागदाला टाचली, सही न केलेला माफीनामा मागं जोडला आणि सगळं माझ्यासमोर ठेवलं.

"आवक शिक्का मार. नंबर टाक. मला पोच दे."

"अजिनाथ, थांबा," साहेब म्हणाले.

साहेब थांब म्हणाले की थांबणारा माणूस मी. अकरा वर्षं थांबत आलो होतो. त्या दिवशी ताईंकडं बघितलं आणि लाज वाटली. मी शिक्का मारला. जरा तिरका पडला, पण उमटला.

अण्णांनी तो कागद वाचला आणि कोपऱ्यात "पाहिले" एवढा शेरा मारून परत पाठवला. ताईंची माफी कुणी मागितली नाही. बावीस मात्र त्या दिवसापासून लागत राहिला.

आठ महिन्यांनी निरोपसमारंभ झाला, ताईंच्याच टेबलापाशी. अण्णांनी ताईंना शाल पांघरवली, हातात नारळ दिला. ताईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि टेबलावर फोनपासून चांगला हातभर लांब ठेवला. अण्णांनी ते बघितलं. मीही बघितलं. हसलं कुणीच नाही.